यंत्रमागाच्या आवाजाआड राहिलेली गाठ : सोलापुरातील एक प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला 'कानात शिट्टी वाजते' ही तक्रार नवी नसते. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांत वीस-वीस वर्षे पाळ्या केलेले कामगार पंचेचाळिशीला आले की मोठ्याने बोलू लागतात, टीव्हीचा आवाज वाढवतात, आणि त्यासाठी डॉक्टरकडे जावे असे त्यांना स्वतःलाही वाटत नाही. माग चालवायचा तर कान द्यावाच लागतो, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. पुढील प्रकरणातील आजार या समजुतीमुळे सुमारे दोन वर्षे उशिरा ओळखला गेला, आणि योग्य उपचार झाल्यावरही दुसऱ्याच एका समजुतीमुळे सगळे बिघडण्याची वेळ आली होती. रुग्णाच्या संमतीने ते येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

तक्रार

रुग्णाचे वय ४७. अक्कलकोट रस्त्याकडील एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात ते २२ वर्षे माग चालवत होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी. पत्नी विड्या वळतात, थोरला मुलगा कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो. रक्तातील साखर थोडी जास्त होती, तंबाखूची सवय होती, बाकी मोठा आजार नव्हता.

डाव्या कानाने कमी ऐकू येते असे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी कानात मळ आहे का ते पाहिले, थेंब लिहून दिले आणि केसपेपरवर 'मागाचा आवाज' असा शेरा मारला. काही महिन्यांनी एका तपासणी शिबिरात त्यांच्या कानांची ढोबळ चाचणी झाली, तेथेही आवाजामुळे आलेला बहिरेपणा असेच सांगण्यात आले आणि डाव्या कानाला यंत्र घेण्याचा सल्ला मिळाला. त्यांनी यंत्र घेतले, आठ दिवस लावले आणि कपाटात ठेवून दिले. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "आवाज येतो डॉक्टर, शब्द येत नाही."

हे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. निदान बव्हंशी त्या वाक्यातच होते. मोठ्या आवाजाने बिघडतो तो अंतःकर्ण, म्हणजे शंखाकृती कर्णावर्तातील केसासारख्या सूक्ष्म पेशी. त्या बहुधा दोन्ही कानांत सारख्याच मरतात, आणि चाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खाच पडते. पण बिघाड कानाच्या पुढे, आवाज मेंदूकडे नेणाऱ्या नसेत असेल, तर आवाज पोहोचतो आणि शब्द फुटतात. अशा कानाला यंत्र लावले तर न कळणारे बोलणे फक्त मोठ्याने येते.

येथे मागांच्या शेडबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ती पाहिल्याशिवाय उशीर का झाला हे नीट कळत नाही. कारखाना कायद्याखालील नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा होती, आणि धोट्याच्या जुन्या मागांची ओळ चालू असताना ती सहज ओलांडली जाते. शेडमध्ये कोणी कोणाशी तोंडाने बोलत नाही. धागा तुटला, कांडी संपली, मालक आले, चहा आला, या सगळ्यांच्या खुणा ठरलेल्या असतात, आणि जुना कामगार समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखतो. ज्याला एका कानाने ऐकू येत नाही असा माणूस तेथे वर्षानुवर्षे काम करू शकतो आणि शेजारच्या मागावरच्यालाही पत्ता लागत नाही.

पत्ता लागला तो फोनमुळे. फोन उजव्या हातात असला की बोलणे व्हायचे, डाव्या कानाला लावला की ते 'हॅलो, हॅलो' करून ठेवून द्यायचे. त्यांनी फोन दोनदा दुरुस्तीला दिला. शेवटी पत्नीच त्यांना घेऊन दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "फोन चांगला आहे डॉक्टर, यांचा कान बघा. आणि अंधारात चालताना हे डावीकडं झुकतात, ते पण बघा." पहाटेच्या पाळीला जाताना गल्लीत दिवा नसला तर भिंतीला हात लावून चालावे लागते, हे त्यांनी मला दोन वर्षांत एकदाही सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

निदान

बंद खोलीतील रीतसर श्रवणचाचणीत उजव्या कानात अपेक्षेप्रमाणे ४००० हर्ट्झची खाच दिसली. खालचे स्वर जवळपास शाबूत होते. डाव्या कानात मात्र सर्वच स्वरांची घट होती, सरासरी ४८ डेसिबल, आणि शब्द ओळखण्याची क्षमता ६० टक्के. दोन कानांतील एवढा फरक मागाच्या आवाजाने समजावता येत नाही. माणूस शेडमध्ये दोन्ही कान घेऊनच उभा असतो.

कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांनी त्याच आठवड्यात गॅडोलिनियम (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य) देऊन एमआरआय करायला सांगितले, आणि तो सोलापुरातच झाला. डाव्या कानाच्या आतल्या हाडातील अरुंद नळीत सुरू होऊन मेंदूच्या खोडाकडे गोलाकार फुगलेली, आइस्क्रीमच्या कोनासारखी दिसणारी गाठ त्यात होती. नळीबाहेरचा भाग १६ मिलिमीटर. हा व्हेस्टिब्युलर श्वानोमा, जुन्या नावाने अकूस्टिक न्यूरोमा. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या वेष्टनातील पेशींपासून ती वाढते, वर्षाला लाखात साधारण एकाला होते, आणि ती कर्करोगाची नसते. धोका तिच्या जागेत आहे. त्याच नळीतून ऐकण्याची नस जाते, चेहरा हलवणारी नस जाते, आणि गाठ फार वाढली तर ती मेंदूच्या खोडालाच दाबते.

'मेंदूत गाठ' हे शब्द घरात पोहोचले त्या संध्याकाळी नातेवाइकांनी खोली भरली. आपल्या जिल्ह्यात गाठ म्हणजे कॅन्सर, कॅन्सर म्हणजे लाइट (किरणोपचार), आणि लाइट म्हणजे बार्शी, अशी साखळी लोकांच्या मनात पक्की आहे. नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयामुळे जिल्ह्यातील हजारो कुटुंबांनी किरणोपचार जवळून पाहिला आहे, आणि तो पाच-सहा आठवडे रोज घ्यायचा, केस जायचे, तोंडाची चव जायची, असे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असते. ही गाठ कॅन्सरची नाही हे मी तीनदा सांगितले. पुढे उपचारात किरणांचे नाव निघाले तेव्हा "मग लाइट कशाला?" हा प्रश्न मुलाने विचारला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तोच विचारला असता.

वाट पाहण्याचे सहा महिने

सोलापुरातील मेंदूशल्यविशारदांनी कुटुंबापुढे तीन मार्ग ठेवले. ठरावीक अंतराने एमआरआय करून नुसते लक्ष ठेवणे. कवटी उघडून गाठ काढणे. किंवा एकाच बैठकीत गाठीवर केंद्रित किरण देणे, ज्याला रेडिओसर्जरी म्हणतात. चौथा मार्ग भिवंडीच्या मेव्हण्यांनी सुचवला, तो म्हणजे एका वैद्यांचा काढा. त्यावर मी फार बोललो नाही.

या गाठींपैकी बऱ्याच वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात, म्हणून लहान गाठीला लगेच हात न लावणे हा आळस नसून मान्य उपचार आहे. पहिला निर्णय तोच झाला. मधल्या सहा महिन्यांत कुटुंबाची झोप उडाली होती, हे खरे; "गाठ आहे आणि डॉक्टर काही करत नाहीत" हे वाक्य पूर्व भागात माझ्याविषयी फिरत होते, तेही मला माहीत आहे. सहा महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये १६ चे साडेएकोणीस मिलिमीटर झाले होते. मोजमापातील चूक धरूनही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त वाढ ही खरी वाढ मानली जाते. वाट पाहण्याचा मार्ग तेथे संपला.

उरलेल्या दोहोंत निवड करताना गाठीचा आकार महत्त्वाचा ठरतो. तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या, मेंदूच्या खोडाला दाबून मेंदूतील पाण्याचा मार्ग अडवणाऱ्या गाठीला शस्त्रक्रियाच लागते, कारण तिथला दाब ताबडतोब कमी व्हावा लागतो आणि किरण ते करू शकत नाहीत. आमच्या रुग्णाची गाठ त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे होती. या आकाराच्या गाठीत केंद्रित किरणांनी दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत वाढ थांबलेली राहते, आणि चेहऱ्याची नस शाबूत राहण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे. ऐकण्याचे आश्वासन मात्र कोणी देऊ शकत नाही: उपचारापूर्वी कामापुरते ऐकू येणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचे ऐकणे पाच वर्षांनी टिकलेले असते, आणि ते पुढेही घटत जाते. तज्ज्ञांनी हा आकडा कुटुंबाला स्पष्ट सांगितला, याचे मला आजही समाधान आहे, कारण पुढे जे झाले त्याबद्दल रुग्णाने कोणालाही दोष दिला नाही.

नॉर्वेतील एका चाचणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, नव्याने सापडलेल्या गाठींचे १०० रुग्ण चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले होते, एका गटाला लगेच किरण आणि दुसऱ्याला निरीक्षण. चार वर्षांनी किरण घेतलेल्यांच्या गाठी स्पष्टपणे लहान झाल्या होत्या. ऐकणे, तोल आणि रोजचे जगणे यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आधी थांबल्याने आमच्या रुग्णाचे नुकसान झाले असे मला यावरून वाटत नाही. थांबलो नसतो तर गाठ वाढते आहे की नाही हे कळलेच नसते.

साधन

कवटी न उघडता आत काम करण्याची ही कल्पना स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांची. डोक्याला चौकट पक्की बसवायची, तिच्या आधाराने मेंदूतील बिंदूचा नेमका पत्ता काढायचा, आणि त्या बिंदूवर वेगवेगळ्या दिशांनी किरण आणायचे, असा विचार त्यांनी १९५१ मध्ये मांडला आणि त्याला रेडिओसर्जरी हे नाव दिले. भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्या साथीने पहिले गॅमा नाइफ यंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले. त्यात कोबाल्ट-६० चे १७९ स्रोत होते. २००६ मधील यंत्ररचनेत १९२ आहेत. भारतात हे तंत्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि दिल्लीत आले.

नावात नाइफ असले तरी त्यात पाते नाही. प्रत्येक स्रोतातून निघणारा किरण इतका क्षीण असतो की तो वाटेतल्या मेंदूला नगण्य इजा करतो. १९२ किरण जेथे एकत्र मिळतात तेवढ्याच जागी मात्रा एकवटते आणि तेथून काही मिलिमीटरवर ती झपाट्याने उतरते. रुग्णाच्या मुलाला मी सिद्धेश्वराच्या यात्रेचे उदाहरण दिले. सोलापूरच्या प्रत्येक गल्लीतून थोडी थोडी माणसे निघतात, कोणत्याही एका गल्लीत गर्दी होत नाही, पण अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. त्याला ते पटले. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला पटले नसते कदाचित, पण त्या दिवशी तेवढे पुरे होते.

किरण गाठ जाळत नाहीत, हा भाग समजावणे त्याहून अवघड गेले. ते तिच्या पेशींच्या गुणसूत्रांना अशी इजा करतात की त्या पुढे विभागू शकत नाहीत, आणि गाठीला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या हळूहळू जाड होऊन बंद पडतात. ही प्रक्रिया महिन्यांची आणि वर्षांची आहे. मेंदूतील धमनी-शिरांचे जन्मजात गुंते याच पद्धतीने बंद करतात तेव्हा ते पूर्ण बंद व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोपर्यंत रक्तस्रावाचा धोका उरतोच. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या असह्य कळांत परिणाम काही आठवड्यांत दिसतो. आजार बदलला की घड्याळही बदलते. पुढची सगळी गडबड या घड्याळावरून झाली.

उपचाराचा दिवस

हैदराबाद की मुंबई, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. सोलापूरहून हैदराबाद जवळ आणि भाषा घरची. पण बहीण भिवंडीला होती आणि उतरायची सोय तेथे होती, म्हणून मुंबई ठरली. पैशांची जुळवाजुळव पतसंस्थेचे कर्ज आणि मालकाकडून घेतलेली उचल यांतून झाली. उचल फेडायची तर मागावर परत यावेच लागणार, ही अट कोणी बोलून दाखवली नाही. ती सगळ्यांना ठाऊक होती.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून ते सकाळी मुंबईत पोहोचले. दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्याला चौकट बसवण्यात आली. या उपचाराला विनाछेद म्हणतात ते बरोबरच आहे, पण चौकट चार स्क्रूंनी बसते, दोन कपाळावर आणि दोन मागे, आणि त्याआधी चार ठिकाणी भूल टोचावी लागते. रुग्णाने संपूर्ण उपचारातला सर्वांत वाईट भाग हाच सांगितला. केस काढावे लागले नाहीत. चौकटीसह एमआरआय झाला आणि त्यावर मेंदूशल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ यांनी दोन तास आराखडा आखला. गाठीच्या कडेला १२ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा द्यायची, ही ५० टक्क्यांची समरेषा, म्हणजे सर्वाधिक मात्रेच्या निम्मी मात्रा जेथे पोहोचते ती रेषा. त्यामुळे गाठीच्या गाभ्यात २४ ग्रेपर्यंत. कर्णावर्ताला सरासरी चार ग्रेपेक्षा कमी मिळावी अशी आखणी केली होती, ऐकणे टिकण्याची शक्यता तेवढीच वाढावी म्हणून.

१२ ग्रे हा आकडा सहज आलेला नाही. सुरुवातीच्या काळात याच गाठींना याहून बरीच जास्त मात्रा दिली जाई. वाढ थांबे, पण चेहरा वाकडा होण्याचे आणि गाल बधिर होण्याचे प्रमाण मोठे होते. एमआरआयमुळे गाठीची कड स्वच्छ दिसू लागली आणि १९९० च्या दशकात मात्रा १२-१३ ग्रेवर आणली गेली; वाढ तरीही थांबते, आणि चेहरा वाचतो, असे दिसून आले.

यंत्रातील मुक्काम सुमारे पाऊण तासाचा. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांच्या आसपास असते, त्यामुळे स्रोत जुना झाला की तेवढीच मात्रा द्यायला वेळ जास्त लागतो. काही दिसले नाही, काही जाणवले नाही, शेडपेक्षा शांत होते, एवढेच त्यांनी मला येऊन सांगितले. चौकट काढली, कपाळावर दोन पट्ट्या लावल्या, दुसऱ्या दिवशी सुटी मिळाली आणि चौथ्या दिवशी ते सोलापुरात होते. गल्लीतल्या लोकांना ऑपरेशन झाले यावर विश्वास बसेना. मेंदूचे काम आणि टाके नाहीत?

सातवा महिना

मुंबईहून निघताना दिलेल्या कागदात सहा महिन्यांनी एमआरआय करावा असे लिहिले होते. सातव्या महिन्यात रुग्णाच्या डाव्या डोळ्याखाली फडफड सुरू झाली आणि तोल पूर्वीपेक्षा बिघडला. मुलाने कागद न दाखवता थेट एमआरआय करून घेतला. अहवाल असा आला: डाव्या बाजूची गाठ, नळीबाहेरील भाग २३ मिलिमीटर, मध्यभागी नेक्रोसिस, पूर्वीच्या तुलनेत वाढ.

या अहवालात एकही शब्द चुकीचा नव्हता. फक्त तो लिहिणाऱ्याला सात महिन्यांपूर्वी किरण दिले गेल्याचे ठाऊक नव्हते, कारण विनंतीपत्रावर ते कोणी लिहिले नव्हते. दुसऱ्या मताला गेलेल्या कुटुंबाला एका शहरातील एका सर्जनने आठवड्याच्या आत कवटी उघडण्याचा सल्ला दिला. मेव्हण्यांनी वैद्यांची आठवण करून दिली. मुलगा माझ्याकडे आला तो अहवाल टेबलावर आपटूनच, आणि त्याचा राग मला समजत होता: एवढा खर्च, मुंबईची खेप, आणि गाठ साडेतीन मिलिमीटरने मोठी.

किरण दिल्यानंतर साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान या गाठी पुष्कळदा तात्पुरत्या फुगतात. मरणाऱ्या पेशींमुळे गाठीला आतून सूज येते, आणि मध्यभागाचा रक्तपुरवठा बंद झाल्याने तो एमआरआयवर काळा दिसतो. या काळ्या मध्याला अहवालात नेक्रोसिस म्हणतात, आणि ते अपयशाचे नव्हे, बहुतेक वेळा किरण लागू पडल्याचे लक्षण असते. सूज उतरते, काही रुग्णांत वर्षभरात, काहींत दोन वर्षांत. या काळात शस्त्रक्रिया करणे म्हणजे सुजलेल्या गाठीला चिकटलेल्या चेहऱ्याच्या नसेवर काम करणे, आणि तेव्हा नस दुखावण्याचा धोका वाढतो. खरी वाढ आणि तात्पुरती सूज यांत फरक करण्याचा विश्वासार्ह मार्ग एकच आहे: एमआरआयची फिल्म पुन्हा काढणे, आणि गाठ सलग दोन-तीन फिल्मांत मोठी होत गेली तरच तिला वाढ म्हणणे.

मी मुंबईच्या तज्ज्ञांना फोन केला. त्यांनी तिन्ही फिल्मा मागवल्या, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर दिले: थांबा, स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स द्या, पाच महिन्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा एमआरआय करा, मधल्या काळात चेहरा लोंबला, डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या किंवा चालणे बंद पडले तर लगेच पाठवा. शेवटचा भाग मी मुलाकडून तीनदा म्हणवून घेतला. 'थांबा' म्हणजे डोळे मिटून बसा असे नव्हे, हे त्यालाही आणि मलाही लक्षात ठेवायचे होते. स्टिरॉइडने साखर २८० वर गेली, ती गोळ्यांनी आणि भात कमी करून सांभाळली. फडफड तीन आठवड्यांत थांबली.

मुलाने त्या दिवशी एक गोष्ट बोलून दाखवली ती मी अजून विसरलो नाही. "तुम्ही आधी सहा महिने थांबवलं, तेव्हा गाठ वाढली. आता पुन्हा थांबा म्हणताय." तर्क बिनतोड होता. पहिल्या वेळी थांबून आम्ही गाठ काय करते ते पाहत होतो, दुसऱ्या वेळी किरण काय करतात ते. पण घरात बसलेल्या माणसासाठी ही दोन्ही थांबणी सारखीच असतात. त्याला मी काही समजावू शकलो नाही. पाच महिन्यांनी फिल्मनेच समजावले: २२ मिलिमीटर.

त्यानंतर

अठराव्या महिन्यात २० मिलिमीटर, तिसाव्या महिन्यात १७. गाठ आहे, आणि बहुधा आयुष्यभर राहील. काळा मध्य आता एका जुन्या व्रणासारखा दिसतो. चेहरा सरळ आहे. डाव्या कानाचे ऐकणे मात्र हळूहळू गेले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस शब्द ओळखण्याची क्षमता २० टक्क्यांवर आली, आणि फोन आता कायमचा उजव्या कानाला आहे. तोल उजेडात व्यवस्थित, अंधारात अजूनही कच्चा. तोलासाठी मान आणि डोळ्यांचे व्यायाम शिकवले होते, ते त्यांनी महिनाभर केले आणि सोडले.

उपचारानंतर तीन आठवड्यांत ते कामावर गेले होते, उचलीमुळे. चालत्या मागांच्या रांगेत, पट्ट्यांच्या मधून, तोल कच्चा असलेला माणूस वावरतो हे मला मान्य नव्हते. मालकांशी बोललो, सुरुवातीला त्यांनी मान हलवली आणि काही केले नाही. सातव्या महिन्यात रुग्ण मागापाशी एकदा घसरले, हात थोडक्यात वाचला, तेव्हा त्यांना घडी विभागात बसवण्यात आले. मजुरी कमी झाली. उचल अजून पूर्ण फिटलेली नाही.

उजव्या कानाबद्दल मी जितका आग्रह धरला तितका इतर कशाबद्दल धरला नाही. ऐकणारा कान आता एकच आहे, आणि त्यात ४००० हर्ट्झची खाच आधीच पडलेली आहे. घडी विभाग शेडला लागूनच असल्याने फोमचे कानबोळे घालायला सांगितले. त्यांनी आधी कापूस वापरला, जो निरुपयोगी असतो, मग मुलाने बोळे आणून दिले. दर वर्षी उजव्या कानाची चाचणी होते. त्याच कारखान्यातील ज्या कामगारांना एकाच कानाची तक्रार आहे, किंवा ज्यांचा फोन एकाच बाजूला 'बिघडतो', त्यांनाही आता मी थेंब न देता रीतसर श्रवणचाचणीला पाठवतो. बहुतेकांना मळ किंवा कान फुटलेला निघतो. दोघांचा एमआरआय केला, दोन्ही स्वच्छ आले, आणि त्या दोघांनी खर्चाबद्दल मला सुनावले.

रुग्णाच्या फायलीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने उपचाराची तारीख, कडेची मात्रा १२ ग्रे, आणि 'सर्व जुन्या फिल्मांशी तुलना करूनच अहवाल द्यावा' असे लिहून दिले आहे. मोजमाप दर वेळी त्याच दिशेत व्हावे म्हणून पहिल्या फिल्मची सीडी फायलीतच चिकटवली आहे. पुढचा एमआरआय गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा आटोपल्यावर, फेब्रुवारीत आहे.